पैलवानाची भूक

दम लागला असं अस्सल कोल्हापूरकर कधी म्हणत नाही. "जरा च्या घेऊया की," म्हणून थांबतो. त्यामुळं हिमालयातल्या केदारताल या तलावाला जायचं ठरल्यावर आमच्यातल्या पैलवानानं विषयच संपवला. "दर रविवारी पन्हाळा चढतोय मी. पन्हाळा तीन हजार, ह्यो पावणेपाच हजार. लई काय फरक न्हाई." पहिला आकडा फुटांचा आणि दुसरा मीटरचा, एवढ्या बारीकसारीक गोष्टींत तो कधी पडत नाही.

केदारताल गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं. उद्यान १९८९ सालचं, क्षेत्रफळ २,३९० चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याचा परवाना लागतो. अभयारण्याचं अप्रूप आम्हाला कमीच, आमच्या दाजीपूरच्या जंगलातला गवा अधूनमधून परवान्याशिवाय थेट शहरात येऊन जातो. पण नियम म्हणजे नियम.

गंगोत्री गाव सोडलं की पायवाट केदारगंगेच्या कडेनं जी चढायला लागते, ती माणसाची भीड ठेवत नाही. वर भोजवृक्षांची झाडी, त्यांची साल वहीची पानं सुटावीत तशी सुटत असते. पैलवान पुढं. मागून उत्तरकाशीचा गाईड, किरकोळ अंगाचा पोरगा, सारखा एकच मंत्र म्हणत होता, "धीरे धीरे, सर." सर धीरे धीरे चालणाऱ्यांतले नव्हते. सगळ्यात शेवटी आमचे निवृत्त मास्तर, दहा पावलं टाकून उभे राहायचे, झाडांकडं बघायचे, पुन्हा दहा पावलं.

दुसऱ्या दिवशी केदारखडकाच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा मास्तर तंबूशेजारी निवांत चहा पीत बसले होते आणि पैलवान आडवा होता.

"कसं वाटालंय?"

"डोस्कं ठणकालंय."

गाईडनं सांगितलेलं शास्त्र असं की, वर हवेतला ऑक्सिजन टक्केवारीनं खालच्याइतकाच असतो, २१ टक्के. पण हवेचा दाब निम्म्याच्या थोडाच वर उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात पदरात कमी पडतं. शरीराला त्याची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. तालमीत कमावलेली छाती दाखवून ही सवलत मिळत नाही.

डोकेदुखीचं एकवेळ ठीक. खरा हाहाकार जेवणाच्या वेळी झाला. ताटात डाळ-भात आला. त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं भाताचं शीत बोटानं दाबलं तर मधे टणक कणी लागत होती. पण मुद्दा तो नव्हता. पैलवानानं ताटाकडं बघितलं आणि म्हणाला, "खाऊ वाटंना."

तंबूत शांतता पसरली. हा माणूस पहाटे व्यायाम झाल्यावर न्याहारी करतो आणि न्याहारीची भूक लागावी म्हणून आधी काहीतरी खातो. रात्री गंगावेशीत कट्ट्यावर उभा राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितो, ते जेवणात धरत नाही. मी त्याला शुद्धीवर आणायला म्हणून मुद्दाम विचारलं, "तांबडा-पांढरा आणून दिला तर?" त्यानं कूस बदलली. मला त्याच्या घरी फोन करावासा वाटला, पण रेंज नव्हती. पिशवीतून आईनं दिलेली कांदा-लसूण चटणीची बरणी काढून मी त्याच्या नाकाखाली धरली. हिंग लावून विचारलं नाही! गाईडनं मात्र शांतपणे त्याला पाणी पाजलं आणि दुखणं वाढलं तर रात्रीसुद्धा खाली न्यायचं, असं ठरवून टाकलं. सुदैवानं सकाळी डोकं उतरलं. भूक मात्र उतरणीलाच गेली होती.

केदारताल दिसलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला हवा नव्हती. पलीकडं ६,९०४ मीटरचं थलय सागर शिखर, पायाशी हिरवट-निळं पाणी. पैलवान दगडावर टेकला. "रंकाळ्यापेक्षा बारकंच हाय," एवढं म्हणाला. तेव्हा माणूस अजून शाबूत आहे याची खात्री पटली.

उतरताना दर वळणाला त्याच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. वाटेतल्या भोजखडकला त्यानं बिस्किटं मागितली. गंगोत्रीत ढाब्यावर राजमा-चावल समोर आल्यावर न बोलता चटणीची बरणी काढली, निम्मी ताटात ओतली आणि मान खाली घातली. तिसऱ्या ताटानंतर वर बघितलं, तर समोरचा गाईड उत्सुकतेनं बरणीत मोठा चमचा घालत होता. पैलवानानं त्याचा हात वरच्यावर धरला.

"धीरे धीरे, सर."