जमीन घेतलीत? मग पहिला पावसाळा काहीही लावू नका

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या कितीतरी जणांनी पुण्याच्या पश्चिमेला, भोर-मुळशी-मावळच्या पट्ट्यात दोन-चार एकर जमीन घेतली. फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढलं की पुढचा फोन जातो तो जेसीबीवाल्याला. आठवडाभरात डोंगरउतार कापून सपाट केलेला असतो, झाडोरा एका कोपऱ्यात ढीग करून जाळलेला असतो आणि मग मला मेसेज येतो, "जागा क्लीन करून घेतली आहे, आता कुठली झाडं लावू सांग." मला हे पाहवत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. वेळ काढून वाचा, आणि कुणी जमीन घेत असेल तर त्याला दाखवा.

आमची तीन एकर जागा भोरच्या पश्चिमेला आहे. वरच्या अंगाला वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा उतार, खाली दोन जुनी भातखाचरं, मधून एक ओघळ. कागदोपत्री 'पड'. बघायला येणारे पाहुणे म्हणायचे, इथे तर काहीच नाही. गवत, दगड, गुडघाभर झुडपं आणि तोडलेल्या झाडांचे खुंट. शेजारच्या वस्तीवरचे मामा पहिल्यांदा बरोबर फिरले तेव्हा एका खुंटाशी थांबून म्हणाले, "ताई, ह्यो मेला न्हाय. खाली जिता हाय." मग ते एकेका खुंटाचं नाव सांगत गेले. ऐन, किंजळ, हिरडा, अंजन, जांभूळ, कुंभा, आसाणा. सरपणासाठी, राबासाठी (भाताची रोपं करायच्या वाफ्यावर फांद्या-पाला जाळतात, तो राब) वर्षानुवर्षं तोडून तोडून ही झाडं खुरटून झुडपासारखी झाली होती. वर दिसायला हातभर, पण खालची मुळं चाळीस-पन्नास वर्षांची असू शकतात.

नर्सरीतून आणलेलं पिशवीतलं रोप आणि हा खुंट यांची बरोबरीच होऊ शकत नाही. पिशवीतल्या रोपाची मुळं वीतभर, तीही पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलेली. ते रोप मुरमात मूळ घालेपर्यंत दोन-तीन उन्हाळे जातात आणि तेवढ्यात ते मरूनही जातं. खुंटाचं मूळ खडकाच्या फटीत कधीच उतरलेलं असतं. त्याला पाणी नको, खत नको. फक्त त्याला तोडायचं, जाळायचं आणि चरू द्यायचं थांबवा. एका खुंटाला आठ-दहा फुटवे येतात. पावसाळा संपला की त्यातले सरळ, जोमदार एक-दोन ठेवायचे आणि बाकीचे धारदार कोयत्याने बुडाशी छाटायचे. छाटलेल्या काठ्या कुंपणाला आणि आळ्यांवर आच्छादनाला येतात. एवढ्या कामावर ऐन-किंजळ असे वाढतात की लावलेली झाडं त्यांच्यापुढे खुजी दिसतात.

जेसीबी हे सगळं मुळासकट उपटून टाकतो. शिवाय या भागात उतारावर चांगली माती असते ती वरची काही इंचच, त्याखाली मुरूम. सपाटीकरणात ती माती भरावाखाली गाडली जाते किंवा पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. मग लोक ट्रकने 'लाल माती' विकत आणतात. ती कुठल्या तरी दुसऱ्या डोंगराची वरची माती असते.

म्हणून माझा आग्रह आहे, पहिला पावसाळा फक्त बघा. सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या, पण झाडं लावू नका. पाऊस सुरू झाला की वही घेऊन चाला. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे माती वाहून नेतं ते लिहा. कुठल्या खडकाआड रानहळद येते, गवतात शेवळं कुठे वर येतात, कळलावीचा वेल कशावर चढतो, सोनकी कुठल्या कड्यावर पिवळी होते ते बघा. शेवळं, भारंगी, फोडशी या भाज्या दाखवायला वस्तीवरच्या बायकांना बरोबर न्या, त्यांना पाऊलभर जागेतही पाच गोष्टी दिसतात. ही सगळी बाग आधीपासूनच तिथे आहे आणि विकत कुठेही मिळत नाही. कारवीचं तर सात वर्षांनी फुलणं. ती ज्यांच्या उतारावर आहे त्यांनी तिला हातही लावू नये.

आता वणव्याबद्दल. या पट्ट्यात बागेचा सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि फेब्रुवारी ते मे कधीही आग लागते. कुणी बिडी टाकतं, कुणाच्या राबाची ठिणगी उडते, कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल या समजुतीने मुद्दाम पेटवतं. एका दुपारी पाच वर्षांचं काम राख होतं. यावर उपाय जुनाच आहे, जाळरेषा. नोव्हेंबर-डिसेंबरात, गवत पुरतं वाळायच्या आत, हद्दीला लागून आतून दहा-बारा फुटांचा पट्टा जमिनीलगत कापून साफ करायचा. आणि उरलेलं गवत? ते शेजाऱ्यांना कापून न्यायला सांगा, फुकट. त्यांच्या गुरांना वैरण मिळते, तुमच्याकडे जळायला काही उरत नाही, आणि आग दिसली तर पहिली धाव तेच घेतात. चराईबंदी करायची तर वैरणीची सोय आधी केली पाहिजे. नुसत्या तारा ओढून आणि 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी लावून ती होत नाही, आणि तसं करणं बरोबरही नाही.

वहिवाटीचंही तेच. पाणवठ्याकडे, देवाकडे किंवा वरच्या रानाकडे जाणारी पायवाट तुमच्या जागेतून जात असेल तर ती राहू द्या. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने बायका पाणी आणतात, ती वाट कुंपण घालून बंद करणाऱ्या माणसाला मी बागप्रेमी म्हणणार नाही. कुंपणासाठी काटेरी तारेपेक्षा सागरगोटा, चिल्हार, करवंद यांची दाट लावण करा. तयार व्हायला तीन-चार पावसाळे लागतात, पण त्यात पक्षी घरटी करतात आणि करवंदं सगळ्यांना मिळतात.

पाण्याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडावा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की एकरावर ४,०४७ लिटर पाणी पडतं. आमच्या बाजूला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आणि इथलेच जमीनमालक मार्चमध्ये टँकर मागवतात! बोअर मारायच्या आधी ओघळीत वरून खाली अनघड दगडी बांध घाला, गुडघ्याएवढे, दगड जागेवरचेच. जुनी खाचरं असतील तर त्यांचे फुटलेले बांध दुरुस्त करा. भात लावायचा नसला तरी ती खाचरं पाणी मुरवतात. उतारावर चर काढायचे तर समपातळीत आणि तुटक काढा. एवढ्या पावसात सलग लांब चर एका ठिकाणी फुटला तर सगळं पाणी तिथूनच सुटतं आणि नवी ओघळ तयार होते.

किती झाडं लावायची हे जुलैतल्या उत्साहावर ठरवू नये, मे महिन्यातल्या पाण्यावर ठरवावं. लहान रोपाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर धरा. १०० रोपांना आठवड्याला २,००० लिटर झाले, १,००० रोपांना २०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर, दर आठवड्याला, फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत. आणि हे किमान पहिले दोन-तीन उन्हाळे. 'हजार झाडांचा संकल्प' करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा. मी तर म्हणेन वर्षाला ५० लावा, पण आळं, आच्छादन, काठीचा आधार, सगळं नीट करून.

मियावाकी पद्धतीबद्दल मला वारंवार विचारतात. दाटीने रोपं लावून झटपट रान उभं करायची ही पद्धत: चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे एका गुंठ्यात ३०० ते ४००. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ती मांडली आणि शहरात, कारखान्याच्या आवारात, जिथे मुळात काहीच शिल्लक नाही तिथे तिचा उपयोग असेलही. पण सह्याद्रीच्या उतारावर, जिथे जिवंत खुंट आहेत, तिथे जमीन खणून, खत भरून, विकतची रोपं दाटीने कोंबण्याला मला काही अर्थ दिसत नाही. पैसे जातात आणि आहे ते रानही जातं.

लॉनचं तर नाव काढू नका. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर धरलं तरी एका गुंठ्याला ४०० ते ५०० लिटर. वस्तीवरच्या बाया हंड्याने पाणी वाहतात आणि शेजारच्या फार्महाऊसवर स्प्रिंकलर फिरतो, हे दृश्य मला सहन होत नाही. कोनोकार्पसचं कुंपणही नको. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आणू नका. घाणेरी (लँटाना) असेल तर नुसती वरून छाटून जात नाही. जमीन ओली असताना, फळं पिकायच्या आत, खोडाच्या बुडाखाली कुदळ घालून तोडायची आणि मुळं वर करून ठेवायची. जागा मोकळी झाली की तिथे दुसरं काही उगवेपर्यंत दोन-तीन वर्षं फिरून फिरून नवी रोपं उपटायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं.

मग हौसेची झाडं लावायचीच नाहीत का? लावा, मनापासून लावा. घराभोवतीचे दहा गुंठे त्यासाठी ठेवा. न्हाणीचं पाणी केळी-अळूला द्या. बकुळ, सोनचाफा, पारिजातक, मोगरा, अबोली. दोन रायवळ आंबे, एक फणस, एक रातांबा, आवळा, चिकू. लिंबू तर हवंच, आणि त्याच्या पानांवर अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका. आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. थोडी पानं गेली तर जाऊ द्या. ओढ्याकाठी ताम्हण लावा, मे महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतो. एखादा उंबर आपोआप उगवला असेल तर तो काहीही झालं तरी राखा. पिकलेल्या उंबरावर हरियाल आणि तांबट यांची अशी गर्दी होते की आम्ही सकाळची कामं सोडून तिथेच बसतो.

उरलेल्या जमिनीसाठी काय लावू हे मला विचारू नका, जवळच्या देवराईत जाऊन बघा. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून आपल्याला कागदावरही ठाऊक आहे की गावाने देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांमध्ये त्या त्या भागाचं मूळ रान टिकून आहे. तुमच्या गावची देवराई हीच तुमच्या बागेची यादी. गुरवाला किंवा गावातल्या जाणत्याला विचारून आत जा, चपला बाहेर काढा, काही तोडू नका. गारंबीचा वेल कुठल्या झाडावर आहे, सावलीत काय वाढतं, कडेला काय वाढतं ते लिहून आणा. बिया मात्र देवराईतून उचलायच्या नाहीत, गावाची तशी रीत असते आणि ती पाळायची. त्याच जातीची झाडं बांधावर, रस्त्याकडेला असतात, तिथून घ्या.

बियांचं वेळापत्रक ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: पळसाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये गोळा करून पावसाच्या तोंडावर लगेच पेरा. जांभळाची बी वाळली की उगवत नाही, खाल्ल्या खाल्ल्या धुऊन पिशवीत टाका. बहाव्याची शेंग फोडून बिया काढा. साल कठीण असते, खरकागदावर घासून रात्रभर पाण्यात भिजवा. हिरडा-बेहड्याला वेळ लागतो, पिशव्या रिकाम्या समजून फेकू नका. आमच्याकडे यंदा ताम्हण आणि शिवणीच्या बिया जास्तीच्या आहेत. भोर-मुळशीकडच्या ज्यांना हव्या असतील त्यांनी मेसेज करा, पण सोबत जागेचे चार फोटो पाठवा. आधी खुंट बघू, मग बिया देईन.