वेणी

गेली चार वर्षे रोज सकाळी पावणेसातच्या सुमारास मी माझ्या मुलीच्या दोन वेण्या घालत आलो. बायको परिचारिका आहे. तिची सकाळची ड्यूटी सातला सुरू होते, त्यामुळे ती आमच्या आधीच घराबाहेर पडलेली असते. शाळेचा नियम असा, की लांब केस असलेल्या मुलीने दोन वेण्या घालून त्या काळ्या रिबिनीने वर बांधल्याच पाहिजेत. सुरुवातीचे कित्येक महिने माझा भांग नागमोडी पडत असे आणि मधल्या सुटीपर्यंत एक तरी वेणी सुटलेली असे. पुढे हात बसला. किती तेल लावले म्हणजे बट बोटांतून निसटत नाही आणि किती लावले म्हणजे वर्गातल्या मुली ‘काकूबाई’ म्हणून चिडवतात, याचाही अंदाज आला.

त्या दहा मिनिटांत ती मला जे सांगत असे, ते एरवी कधीच सांगत नसे. कोणी डबा वाटून घेतला नाही, कोणत्या बाई विनाकारण ओरडल्या, गणितात खरे किती मार्क पडले, हे सगळे ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलायची. माझ्याकडे पाठ होती म्हणूनच बहुधा तिला बोलता येत असावे. मीही मान वर न करता हुंकार देत पेड गुंफत राही.

मे महिन्यात तिला अकरा पूर्ण झाली. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी फणी आणि तेलाची बाटली घेऊन बसलो, तर ती म्हणाली, ‘बाबा, राहू दे. माझी मी घालते.’ तिने घातलेल्या वेण्या माझ्यापेक्षा सरळ होत्या. मला अभिमान वाटला, आणि दिवसभर काही तरी हरवल्यासारखेही वाटत राहिले. असे वाटण्यात गैर काही आहे असे मला वाटत नाही. ते माझे मी सोसायचे आहे, एवढेच.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. गणपतीत घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितले आणि आवाज थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, ‘पोर मोठी झाली हं आता.’ भावाचा मुलगा तिच्याहून दीड वर्षाने मोठा आहे. त्याच्या बाबतीत हेच वाक्य त्यांनी पाठीवर थाप मारून, खणखणीत आवाजात उच्चारले. शब्द तेच, पण एकाच्या वाट्याला कौतुक आले आणि दुसरीच्या वाट्याला आईबापांना दिलेली ताकीद. आपल्या भाषेत मुलीच्या मोठे होण्याला शब्दांची कमी नाही: न्हाण आले, पदर आला, शहाणी झाली. एके काळी तर मुलीला मखरात बसवून ओटी भरत असत. मात्र त्या थाटामाटातून शेवटी सांगायचे एवढेच असे, की आता ही सासरी धाडण्याजोगी झाली.

मी मनातल्या मनात त्या बाईंवर रागावलो. नंतर स्वतःकडे पाहिले. सायकलवरून क्लासला जाण्याची परवानगी मी ‘पावसाळा संपू दे’ म्हणून पुढे ढकलली होती. दिवेलागणीनंतर खाली खेळायला जाऊ नको, असे सांगितले होते. पुतण्या त्याच सोसायटीत नऊ वाजेपर्यंत क्रिकेट खेळतो आणि त्याच्या बापाला, म्हणजे माझ्याच धाकट्या भावाला, गॅलरीत यावेसेही वाटत नाही. माझी भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये करावा लागला, तो काही उगाच नव्हे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक माझ्या मुलीला माझ्या मोबाइल क्रमांकाइतकाच पाठ आहे. पण भीती माझी असताना वेळापत्रक तिचे का बदलावे, याचे उत्तर मला देता आले नाही.

या काळात मला एकोणिसाव्या शतकातल्या रखमाबाईंची आठवण वारंवार होत राहिली, कारण त्यांचे लग्न झाले तेव्हा त्याही अकराच वर्षांच्या होत्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मुंबईतले नामांकित डॉक्टर. मुलीला सासरी न पाठवता त्यांनी घरी शिकू दिले. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला आणि १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. डॉ. सखाराम अर्जुन तोवर हयात नव्हते. पुढे तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर त्यांनी अनेक वर्षे सुरतेत काम केले. मला कुतूहल आहे ते त्या वडिलांचे. त्यांनाही भीती वाटलीच असणार, आणि ती माझ्या भीतीच्या शंभरपट खरी होती. सगळे शहर नावे ठेवत असताना मुलगी घरात वाचत बसली आहे आणि आपण तिला ‘जा’ म्हणत नाही, यासाठी काय लागत असेल? मला तर तिच्या सायकलच्या चाकांत हवा भरून द्यायला तीन महिने लागले.

हे सगळे पोस्ट करण्यापूर्वी मी तिला वाचायला दिले. तिच्या लहानपणीचे, दात पडलेले फोटो मी तिला न विचारता इथे टाकत असे आणि दोन वर्षांपूर्वी तिने ते सगळे काढायला लावले, तेव्हापासून हा आमचा करार आहे. तिने पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी रेघ मारली. एक संपूर्ण परिच्छेद गेला. तो फार चांगला उतरला होता असे माझे मत, पण तो तिचा होता.

दिवाळीनंतर ती सायकलने क्लासला जाऊ लागली. परतायला पावणेआठ होतात. साडेसातपासून मी गॅलरीत अंधारात उभा राहतो, म्हणजे तिला खालून दिसू नये. परवा जोडे काढता काढता ती म्हणाली, ‘बाबा, दिवा लावत जा ना. तसाही दिसतोसच.’