टाके ठकीचे, पहारा आमचा

कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन डॉक्टर करतात ते भूल देऊन, मोठ्या दिव्याखाली, हातमोजे घालून आणि पेशंट पूर्ण वेळ गाढ झोपलेला असताना. एवढ्या सोयी मिळाल्या तर माणूस काय वाट्टेल ते करेल. (हे मी डॉक्टरांना अर्थातच म्हटलं नाही.) खरं काम त्याच्यानंतरचं, टाके काढेपर्यंतच्या 10 ते 14 दिवसांचं. ते घरच्यांनी करायचं, पेशंट टक्क जागा, भूल वगैरे काही नाही, आणि त्याचं ट्रेनिंग म्हणून हातात एक कागद मिळतो. पळू देऊ नका. उडी मारू देऊ नका. जिना चढू देऊ नका. जखम भिजू देऊ नका, आंघोळ घालू नका. चाटू देऊ नका, याच्याखाली दोन रेघा. नवऱ्याने कागद वाचला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे कुत्रा असू देऊ नका, एवढंच लिहायचं ना."

ऑपरेशन करायचं की नाही यावर आमच्याकडे फार वाद झाला नव्हता. पिल्लं नकोत हे होतंच, पण न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पुढे पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात आणि तो जिवावर बेततो, हे कळल्यावर विषयच संपला. शिवाय पहिल्या हीटच्या, म्हणजे माजावर येण्याच्या, आधी केलं तर पुढे स्तनांच्या गाठी होण्याचा धोकाही खूप कमी होतो. तर आमच्या ठकीची तारीख घेतली, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवली आणि दुपारपर्यंत पोटावरचे केस भादरलेली, डोळे अर्धे मिटलेली ठकी घरी आली.

पहिली रात्र सगळ्यात सोपी, हे मी कुणालाही लिहून देईन. भुलीचा अंमल असतो, चार पावलं टाकली की झोकांडी जाते, मधूनच कण्हते, घशात नळी घातलेली असते म्हणून थोडं खोकते, घरातले सगळे कुजबुजत्या आवाजात बोलतात आणि "बिचारी ती" म्हणत आळीपाळीने डोक्यावरून हात फिरवतात. फोटो काढायला काय ती हीच रात्र. कारण तिसऱ्या दिवशी सकाळी बिचारी तोंडात चप्पल धरून हॉलमध्ये हजर होती.

गोची अशी आहे की दुखणं कमी करायचं औषध लागू पडतं. कुत्रीला दुखत नाही, म्हणून तिच्या मते ती बरी झालेली असते, आणि पोट काही बरं झालेलं नसतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, टाके नुसते कातडीला नाहीत, आत पोटाच्या भिंतीला आहेत, मध्ये चरबीच्या थरात आहेत, आतले आपोआप विरघळतील, वरचे मी काढीन, पण आतलं जुळून यायच्या आधी तिने उड्या मारल्या तर तिथे पाणी साठून फुगा येतो, आणि वरचे टाके चावून तोडले तर... इथे ते थांबले आणि पोटातलं बाहेर कसं येऊ शकतं ते आवाज जराही न बदलता सांगितलं. मला तिथेच खुर्ची लागली. तेव्हापासून घरात ठकीने शेपूट जरी जोरात हलवली तरी आई "अगं हळू, टाके!" म्हणून ओरडायची.

आता कोन. प्लास्टिकचा, पारदर्शक, जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती बांधायचा. मापाचा नियम सोपा आहे, कोनाची कड नाकाच्या टोकापुढे गेली पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग फक्त दागिना म्हणून. आमच्या एका नातेवाइकाने प्रेमाने हवा भरायची मऊ कॉलर आणून दिली होती, दिसायला फार गोड, पण ठकीचं नाक लांब आणि कंबर लवचिक, तिने ती घालून शांतपणे मान वळवली आणि पोटापर्यंत पोचून दाखवलं. परत प्लास्टिक.

प्लास्टिकच्या कोनाबद्दल लोक म्हणतात कुत्रा दोन दिवस गोंधळतो, मग त्याला सवय होते. अगदी खरं, ठकीला झाली, आम्हाला नाही झाली. दाराच्या चौकटीला धडकायची, मग मागे सरकून त्याच जागी जास्त वेगाने धडकायची. त्यातून आमची नडगी आणि गुडघ्याची मागची बाजू हे तिने कोनाच्या कडेसाठी शोधून काढलेलं लक्ष्य, माणूस गॅससमोर उभा असताना मागून धडक बसली की गुडघे आपोआप वाकतात. जमिनीवरून चालताना कोन सुपासारखा काम करायचा, संध्याकाळी त्यातून एक मोजा, पेनाचं टोपण आणि खूप केस निघाले. आणि भुंकणं! कोनात भुंकलेलं समोरच्या माणसाच्या थेट छातीत येतं. पाण्याच्या भांड्यावर कोन बसला की आतून फक्त लपलप ऐकू येते आणि कडेने पाणी वाहत येतं, म्हणून मग भांडं लहान करून उंचावर ठेवलं तेव्हा कुठे जमलं.

शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "काढ गं ते, गुदमरतंय लेकरू, कुत्र्याच्या लाळेनेच जखम भरते, आमच्या वेळी कुणी असलं काही बांधत होतं का?" मी म्हटलं, "काकू, लाळेत जंतू असतात, आणि चाटून चाटून टाका सैल होतो." काकू म्हणाल्या, "जंतू माणसाच्या तोंडात नसतात का?" म्हटलं, "असतात की, म्हणून तर मीही माझे टाके चाटत नाही." काकू गेल्या. जाताना ठकीकडे बघून "सोसतेस बाई" म्हणाल्या, बहुतेक माझ्याबद्दल.

मग टी-शर्टचा प्रयोग. नवऱ्याचा जुना टी-शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून, पाठीवर कमरेपाशी गाठ. पोट झाकलं जातं, धूळ लागत नाही, आणि कुत्री घरातल्या कर्त्या माणसासारखी दिसायला लागते. त्रास एकच, बाहेर नेताना गाठ सोडून कापड वर खोचायला लागतं, विसरलं तर टी-शर्ट धुवायला आणि ओलं कापड जखमेवर, जे अजिबात चालत नाही. तयार सूट मिळतात त्यांना शेपटीकडे बटणं असतात, ते बरे. पण कापड काय किंवा सूट काय, चावून भोक पाडणाऱ्या कुत्रीला ते फक्त कामाला लावतं. म्हणून दिवसा कोणी समोर बसलेलं असेल तर टी-शर्ट, नजर हटणार असेल तर कोन, आणि रात्री कोन म्हणजे कोनच.

रात्रीबद्दल वेगळं बोललं पाहिजे. या काळात माणसाचा कान एकाच आवाजावर लागतो, चप चप चप. कुकरच्या शिट्ट्यांनी न उठणारा माझा नवरा त्या आवाजाला अंधारात ताडकन उठून बसायचा, लाइट लागायचा, दोघंही जमिनीवर रांगत, टॉर्च, "काय चाटतेय, काय चाटतेय?", आणि ठकी कोनाची आतली बाजू चाटत असायची. कधी फरशी. एकदा तर काहीच नाही, ती स्वप्नात चाटत होती. आमची झोप गेली ती गेलीच.

सोफा भिंतीला उभा करून ठेवला होता. कारण खाली बसलेल्या माणसाजवळ कुत्री बसते आणि वर बसलेल्या माणसाकडे कुत्री उडी मारते, तेव्हा सगळ्यांनी खालीच बसायचं असा ठराव झाला, आईला गुडघ्यांमुळे खुर्चीची सूट. डोअरबेल बंद, कारण बेल वाजली की चारही पाय हवेत. पट्टा घरातसुद्धा गळ्यात, बाहेर जायचं ते फक्त शी-शूपुरतं आणि गोगलगायीच्या चालीने, समोरून दुसरा कुत्रा आला की आम्हीच तोंड फिरवायचो. अंगात साठलेली मस्ती जाणार कुठे, तर नाकाला काम द्यायचं हे डॉक्टरांचं सांगणं खूप उपयोगी पडलं. टॉवेलच्या घडीत खाऊचे दाणे लपवायचे, खोक्यांत लपवायचे, हुंगून हुंगून कुत्री खरंच दमते, उडी न मारता दमते. नंतर नंतर ती टॉवेल दिसला की शोधायला लागायची, मग तो आंघोळीचा ओला का असेना.

आणि रोजची तपासणी. सकाळ-संध्याकाळ कुशीवर झोपवून बघायचं, लाली वाढली का, सूज आहे का, पाणी किंवा पू येतो का, वास येतो का, कडा उघडल्यात का. त्याच उजेडात रोज फोटो काढला की तुलना करता येते, हे चांगलंच आहे, फक्त त्यामुळे माझ्या फोनमध्ये आता घरातल्या माणसांपेक्षा पोटाचे फोटो जास्त आहेत. एका सकाळी नवऱ्याला टाक्यांच्या बाजूला गाठ सापडली. घाबरून फोटो डॉक्टरांना. थोड्या वेळाने उत्तर आलं, "तो स्तन आहे, अशा आणखी पुष्कळ सापडतील." दिवसभर तो माझ्याशी काही बोलला नाही. बाकी एक सांगून ठेवते, त्रास होतोय असं वाटलं तरी माणसांच्या डब्यातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल वगैरे देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात, डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं तेवढंच.

शेवटी शेवटी तर फार वाईट असतं, कारण जखम भरत आली की खाजते. तोवर माणसं ढिली पडलेली, "आता काय होतंय" म्हणणारी, आणि कुत्रीची चिकाटी तेव्हाच सगळ्यात जास्त. ठकीने गालिच्यावर पोट घासायची युक्ती शोधली, म्हणून गालिचाही गुंडाळून सोफ्याच्या शेजारी उभा. घर शिफ्ट करतोय का असं विचारून गेलं कुणीतरी.

टाके काढताना मात्र ठकी टेबलावर मूर्ती होऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "किती शहाणी आहे हो, घरी काहीच त्रास दिला नसेल." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग कोन काढायला मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या दोनेक दिवस, टाक्यांच्या जागा खाजतात." ठकीने तेवढ्यात टेबलावरून खाली उडी मारली.