दहा इंची दुर्बीण आणि कोजागिरीची रांग

चंद्र बघायला दुर्बीण लागत नाही, मान वर केली की काम होतं, हे मी सोसायटीत जमेल तितक्या वेळा सांगून बघितलंय. पण तुमच्या घरात दहा इंची डॉबसोनियन आहे हे एकदा कळलं ना, की मग कोण ऐकतंय. माझं स्पष्ट मत आहे, मोठी दुर्बीण असलेला माणूस गच्चीवर एकटा चंद्र बघतो तोवर तो सुखी, आणि ज्या दिवशी तो लोकांना चंद्र दाखवायला लागतो त्या दिवसापासून त्याचा पंगतीतला वाढपी होतो, सगळ्यांना वाढत फिरायचं आणि स्वतः पानावर बसेपर्यंत वरण गार.

दहा इंची म्हणजे आतल्या आरशाचा व्यास, २५४ मिलिमीटर. चार फुटी नळी, खाली गोल फिरणारं लाकडी बूड, सगळं मिळून तीसेक किलो. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हाताने ढकलायची. हा प्रकार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जॉन डॉबसन कॅलिफोर्नियात वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता, आपल्या रामकृष्ण परमहंसांच्या परंपरेतला. मठात गुपचूप आरसे घासायचा. १९६७ मध्ये मठ सोडावा लागला तर हा बाबा सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटात चंद्र दाखवत बसला. मी ह्या माणसाला मनापासून मानतो, पण एक सांगतो, त्याला जमलं कारण तो संन्यासी होता. त्याला ज्यांना चंद्र दाखवला त्यांच्याच बरोबर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये उभं राहायचं नव्हतं.

तर झालं असं की कोजागिरीच्या दोनेक आठवडे आधी ग्रुपवर सेक्रेटरी साहेबांची नोटीस पडली, "टेरेसवर मसाला दूध, भेळ, टेलिस्कोप व अंताक्षरी". मला कोणी विचारलेलं नाही. मी भेळ आणि अंताक्षरीच्या मधे.

आता गंमत बघा, ज्याला दुर्बिणीतून चंद्र बघायचाय तो पौर्णिमेला दुर्बीण बाहेरच काढत नाही. चंद्रावर बघण्यासारखं असतं ते सावल्यांमुळे. अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेवर डोळा लावा, डोंगर उभे राहतात, चंद्रावरच्या ऍपेनाइन्स पर्वताची अख्खी रांग लांब लांब सावल्या टाकत बसलेली असते, थिओफिलस नावाचं शंभर किलोमीटरचं विवर आणि त्याच्या मधोमध डोंगर, बघत राहावं. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून सरळ चंद्राच्या तोंडावर, सावली औषधालाही नाही, सगळं सपाट पांढरं. आणि उजेड तर विचारू नका, अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं पण तो देतो जेमतेम दहावा हिस्सा. हे सगळं मी सेक्रेटरींना नीट समजावून सांगितलं, म्हटलं आपण अष्टमीला ठेवू. ते म्हणाले, "अहो अष्टमीला दांडिया आहे, डीजेवाल्याला ऍडव्हान्स गेलाय. आणि अष्टमीला दूध कोण पितं?"

बाकीच्या तिथ्यांचं पण असंच. भाद्रपदातल्या चतुर्थीची कोर काय सुंदर असते, अंधाऱ्या भागावर पृथ्वीचा निळसर उजेड पडलेला असतो, पण त्या दिवशी आई मला गच्चीच्या जिन्यालाही पाय लावू देत नाही. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला तिथे तू कोण, आधीच तुझ्यावर सोसायटीचा डोळा आहे. आणि संकष्टीला ३०२ मधल्या काकू दार वाजवतात. "तुमच्या दुर्बिणीतून जरा आधी उगवतो का हो? शुगर आहे मला."

असो. कोजागिरी.

नळी लिफ्टमध्ये घेऊन निघालो तर वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, बोअरला काय झालं?" वर गेलो. दुर्बीण वापरायच्या आधी तासभर बाहेर ठेवावी लागते, आरसा हवेइतका गार झाला पाहिजे, नाहीतर नळीतच गरम हवा वळवळत राहते आणि चित्र थरथरतं. त्यात ऑक्टोबर हीट, दिवसभर तापलेला स्लॅब, वर भेळवाल्यांनी माझ्या शेजारीच गॅसची शेगडी मांडलेली, दूध आटवायला. त्या वाफेतून चंद्राची कडा अशी उकळत होती की कुठलं दूध आणि कुठला चंद्र सांगता येईना. शेगडी जरा लांब न्या म्हटलं तर महिला मंडळाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तीस किलो उचलून दुसऱ्या कोपऱ्यात गेलो.

रांग लागली. आता इथे एक तांत्रिक बाब आहे. पृथ्वी फिरते. चंद्र दोन मिनिटात स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, आणि माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, म्हणजे मी चंद्र मधोमध आणून बाजूला झालो की लगेच बघायला पाहिजे. पण लगेच बघतील ते आमच्या सोसायटीतले कसले. काकू आधी पर्स कोणाकडे तरी देणार, मग "चष्मा काढू का ठेवू", मग "कुठल्या डोळ्याने", मग जो मिटायचा तो उघडा आणि जो उघडा ठेवायचा तो मिटलेला, मग तोल सांभाळायला नळीवर हात, झालं, चंद्र गेला शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर. तरी काकू म्हणणार "हो हो दिसला, छान आहे", कारण मागे रांग आहे आणि नाही दिसला म्हणायला लाज वाटते. चेअरमन साहेबांनी तर बाजूच्या छोट्या फाइंडरमधून बघितलं, नुसता नेम धरायची अंगठ्याएवढी नळी ती, आणि "वा, एकदम क्लिअर, पैसे वसूल" म्हणून दुधाकडे गेले. मी काही बोललो नाही. त्यांच्या बायकोने पुढच्या उघड्या तोंडातून आत वाकून बघितलं आणि स्वतःचे केस नीट केले.

उजेडाचा उपाय म्हणजे नळीचं मोठं झाकण लावायचं आणि त्यातलं छोटं टोपण तेवढं काढायचं, दोनेक इंचाचं भोक उरतं, चंद्र डोळ्याला सुसह्य होतो. लावलं. तर एक काका भडकले, "एवढी मोठी दुर्बीण आणि झाकण लावून दाखवताय? सगळं दाखवा की." म्हटलं घ्या सगळं. झाकण काढलं. त्यांनी मनसोक्त बघितलं, मागे सरले आणि ओरडले, "अरे माझा उजवा डोळा गेला!" जात नाही हो, थोडा वेळ अंधारात दिसत नाही इतकंच, पण तेवढ्यात ते स्टुलाला, स्टूल दुधाच्या ट्रेला, आणि ट्रे अंताक्षरीच्या माइकला. पुढची पंधरा मिनिटं स्पीकरमधून नुसतं खरखर.

पोरं बरी, ती खरं बोलतात. एकाने विचारलं ससा कुठंय. ह्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हटलं आहे तिथेच, फक्त पाय वर झालेत. तर त्याने ससा सुलट बघायला स्वतःच उलटं व्हायचा प्रयत्न केला आणि नळीला लाथ. पौर्णिमेला बघण्यासारखं एकच असतं, टायको विवरातून निघालेले लांबच लांब पांढरे पट्टे, ते मी हौसेने दाखवले, तर ३०२च्या काकू हळूच म्हणाल्या, "तडा गेलाय वाटतं. वॉरंटी आहे ना?"

आणि झेंडा. दर दुसरा माणूस झेंडा विचारतो. १९६९ चा झेंडा दिसतो का, आपलं विक्रम दिसतं का, शिवशक्ती पॉइंट कुठे. बाबांनो, पावणेचार लाखांवर किलोमीटर लांब आहे ते, चांगल्या हवेतसुद्धा माझ्या दुर्बिणीतून एक किलोमीटरच्या आतलं काही वेगळं ओळखू येत नाही. दीड मीटरचा झेंडा नुसता ठिपका म्हणून दिसायला दीड-पावणेदोनशे मीटर व्यासाचा आरसा लागेल, तो लिफ्टमध्ये मावणार नाही. मी म्हटलं, आपली अख्खी सोसायटी उचलून तिथे ठेवली तरी इथून दिसणार नाही. मागून आवाज आला, "चालेल, पार्किंग मिळेल ना तिथे?"

मग मोबाइल. प्रत्येकाला आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, फोन लावून फोटो पाहिजे. फोटोत येतो पांढरा गोळा, मग "अजून एक", मग फोनच्या वजनाने नळी खाली, परत चंद्र शोधा. आयपीसवर तोपर्यंत वेलदोडा, केशर आणि हिरवी चटणी असा थर. एक कॉलेजचा मुलगा रांगेत न थांबताच माझ्याजवळ आला आणि त्याच्या फोनमधला झूम केलेला चंद्र दाखवून म्हणाला, "काका, हे बघा, माझ्यात जास्त शार्प येतोय." त्याला मी रागावलो नाही, भेळ तेवढी जास्त तिखट द्यायला सांगितली.

बारा वाजले, चंद्र जवळजवळ डोक्यावर आला. डॉबसोनियनला हीच जागा नको असते, नळी सरळ उभी होते आणि चंद्र बोटभर सरकला तरी तो पकडायला अख्खं बूड भलतंच फिरवावं लागतं, तुमच्याबरोबर स्टूल, स्टुलावरचा माणूस आणि त्याला धरलेली बायको पण फिरतात. रांग काही संपेना, जे बघून गेले ते पाहुण्यांना घेऊन परत येत होते. तेव्हा मला सुचलं. मी मोठ्याने म्हटलं, "आता शनी लावतोय." अर्धी रांग जागच्या जागी विरली. "माझी साडेसाती चालू आहे, मी लांबूनच नमस्कार करते", "आमच्या ह्यांना अजून अडीच वर्षं आहेत", "उगाच समोरासमोर कशाला". राहिले ते चौघं, त्यातल्या एका आजींनी शांतपणे डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "मंगळ पण लावता येईल का? नातीला आहे. कडक आहे का सौम्य, तेवढं बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो, सगळे पांढरे गोळे, खाली आभार. आणि त्याच्याही खाली सेक्रेटरी साहेब: "सभासदांच्या आग्रहास्तव रथसप्तमीला सकाळी ८ वाजता टेरेसवर दुर्बिणीतून सूर्यदर्शन." मी तातडीने भलामोठा मेसेज टाइप केला, नळीच्या तोंडाला खास सौर फिल्टर लावल्याशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे बघितलं तर डोळा क्षणात कायमचा जातो, काजळी लावलेली काच, एक्सरे फिल्म, गॉगल असलं काही चालत नाही, माझ्याकडे तो फिल्टर नाही, कृपया कार्यक्रम रद्द करावा. त्यावर तीन अंगठे आले, आणि ३०२ मधून प्रश्न, नाश्त्याला उपमा ठेवायचा का पोहे?