‘दोन केळी खा, बीपीची गोळी सोडा’: या मेसेजमध्ये काय चुकतंय

‘रोज दोन केळी, एक शहाळं घ्या, जेवणात सैंधव वापरा. पोटॅशियम भरून निघतं, बीपीची गोळी सुटते. नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ सातारा-सांगलीकडच्या घरगुती ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतो. त्यात खरं एवढंच, की पोटॅशियममुळे जादा सोडियम लघवीवाटे बाहेर पडायला मदत होते आणि रक्तदाब थोडा उतरतो.

दोन केळ्यांनी भरून निघतं? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 3500 मिलिग्रॅम पोटॅशियम लागतं. सोललेल्या 100 ग्रॅम केळ्यात ते 360च्या आसपास असतं, म्हणजे दोन मध्यम केळ्यांत जेमतेम पाव हिस्सा. सालीसकट उकडलेला 150 ग्रॅमचा बटाटा एका केळ्याहून जास्त देतो. आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्याच्या जातीचं कडधान्य? माणशी 50 ग्रॅम कोरडा घेवडा घेतला तरी 600 ते 700 मिलिग्रॅमच्या घरात जातो. तो रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात कुकरला बोटानं चिरडेल इतका मऊ शिजवा. कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका. पोटॅशियम उष्णतेनं जळत नाही, पाण्यात उतरतं. आमटीच्या रश्श्यात ते असतं.

सैंधवातून मिळतं? नाही. सैंधव हेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. दिवसभराच्या 5 ग्रॅम सैंधवातलं पोटॅशियम केळ्याच्या एका घासाइतकंही नसतं. लो-सोडियम मिठाची गोष्ट वेगळी. त्यात पोटॅशियम क्लोराईड मुद्दाम मिसळलेलं असतं. ते 25 टक्के असेल तर 5 ग्रॅम मिठातून सुमारे 650 मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं.

नैसर्गिक म्हणून अपाय नाही? मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. ती थकली की ते रक्तात साठतं. रक्तात ते लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल असावं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपीची औषधं स्वतःच पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. म्हणजे ज्या बीपीवाल्यांसाठी हा सल्ला लिहिलाय, त्यांतल्या अनेकांना तोच बाधू शकतो. जुना मधुमेह असेल तर अधिकच जपावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी) आणि सीरम पोटॅशियम (रक्तातलं पोटॅशियम) या दोन रक्ततपासण्या झाल्याशिवाय रोजचं शहाळं किंवा लो-सोडियम मीठ सुरू करू नका. एक पेला शहाळ्याच्या पाण्यातच 500 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं.

डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, तर बटाटा सोलून बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नुसतं गार पाण्यात भिजवून फारसं निघत नाही. अशा माणसाच्या ताटात घेवड्याचा रस्साही वाढू नये.

राहिली गोळी. आहारानं वरचा आकडा काही अंकांनी उतरतो, तोही लोणचं, पापड, खर्डा यांतलं मीठ आवरलं तर. गोळी मनानं बंद केली की बीपी पुन्हा चढतं. कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला जाताना आठवडाभराचे बीपीचे आकडे लिहून न्या आणि घरातल्या मिठाचं पाकीटही बरोबर घ्या.