घरपट्टी माफीच्या आश्वासनाबाबत खुलासा

आमच्या प्रभागातील महिला उमेदवार निवडून आल्यास ‘पहिल्याच महिन्यात सर्वांची घरपट्टी माफ करणार’, असा मजकूर मोबाईलवर फिरत आहे. हे आश्वासन त्यांनी दिलेले नाही आणि कोणत्याही नगरसेवकाला ते एकट्याच्या बळावर पाळताही येणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कराचे दर स्थायी समितीच्या प्रस्तावांवर विचार करून सर्वसाधारण सभा ठरवते, तर अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जी माफी मिळाली, तीही २०२२ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयामुळे.

त्यांनी चौकसभेत मांडलेला प्राधान्यक्रम वेगळाच होता. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि रस्त्यावरील दिवे ही याच कायद्यातील महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये असल्याने सुरुवात तेथूनच व्हावी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. मागच्या गल्लीत पहाटे चार वाजता करंगळीएवढ्या धारेखाली हंडे लावून बसणाऱ्या बायकांना आधी पुरेशा दाबाने पाणी हवे आहे. शाळेसमोरच्या चेंबरवर झाकणाऐवजी फरशीचा तुकडा ठेवलेला आहे. त्याचाही त्यांनी त्या सभेत स्पष्ट उल्लेख केला होता. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नये.