नस चढत नाही, आणि सूज उतरली म्हणजे पाय बरा होत नाही

पावसाळा लागला की तो मेसेज हमखास फिरू लागतो. निसरड्या पायऱ्या, ट्रेकची उतरण, मॅटवरची कबड्डी, कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतोच, आणि ग्रुपवर कुणीतरी ‘पाय मुरगळला? डॉक्टरांना पैसे देऊ नका’ असं शीर्षक असलेला तो मजकूर टाकतो. त्यातले दावे थोडक्यात असे: नस चढलेली असते, गरम तेलाने जोरात चोळली की बसते. चालता येत असेल तर हाड शाबूत आहे. क्रेप बांधून तीन आठवडे पाय टेकवू नका, सूज उतरली की पाय बरा. लिगामेंट तुटलं असेल तर मात्र ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, ते झालं की सहा महिन्यांत मैदानात. आणि फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक, तो घरी घ्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा शेवटच्या मुद्द्यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

नसेचं आधी उरकू. मुरगळलेल्या घोट्यात काहीही चढत नाही. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. तीन पट्ट्यांपैकी पुढचा बहुधा आधी जातो. आत रक्त साचतं, म्हणून सूज आणि नंतर दिसणारा काळानिळा डाग. अशा ताज्या जखमेवर अंगठा रगडला तर रक्तस्राव आणि सूज वाढायचीच भीती जास्त. आंबेहळदीचा किंवा रक्तचंदनाचा लेप हलक्या हाताने लावायचा तर खुशाल लावा, माझा राग लेपावर नाही, अंगठ्यावर आहे. (उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, तेव्हा नस बसवणं त्यातल्या त्यात सौम्यच म्हणायचं.)

‘चालता येतंय म्हणजे हाड शाबूत’ हे अर्धसत्य आहे. कॅनडात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले ‘ऑटावा नियम’ आज जगभरच्या कॅज्युअल्टीत वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेली जी हाडं असतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेच्या खालच्या ६ सेंटिमीटरवर दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथे दुखलं तरी काढायचा, आणि आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडाचंही तसंच. म्हणजे चालणं ही अनेकांतली एकच कसोटी. ज्यांच्यात यातलं काहीच नाही त्यांना एक्स-रेची गरज सहसा नसते, तेवढ्यापुरता मेसेज खरा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी मात्र ‘दुखत नाही’ यावर भरवसा ठेवू नये.

आता तीन आठवड्यांचा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि दिसायला हा सल्ला सगळ्यात शहाणा दिसतो. फाटलेला पट्टा भरून येताना पहिले काही दिवस सूज आणि साफसफाईचे, मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवे तंतू वेडेवाकडे विणले जातात, आणि पुढचे कित्येक महिने ते सरळ व घट्ट होत राहतात. कुठल्या दिशेने घट्ट व्हायचं हे त्यांना कळतं ते पेलता येईल इतक्या ताणातून. पाय पूर्ण अधांतरी ठेवला तर तो ताणच मिळत नाही, वर पोटरी वाळते आणि घोटा आखडतो तो वेगळाच. म्हणून साध्या मुरगळण्यात आधाराची पट्टी किंवा ब्रेस घालून, सोसेल तेवढा भार दोन-चार दिवसांतच द्यायला सुरुवात करतात.

याला अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ५८४ जणांच्या अभ्यासात, ज्यांना पाय टेकवताच येत नव्हता अशा गंभीर मुरगळीत १० दिवसांचं गुडघ्याखालचं प्लास्टर साध्या लवचीक पट्टीपेक्षा सरस ठरलं. तीन महिन्यांनी फरक दिसत होता, नऊ महिन्यांनी उरला नव्हता. पण ते दहा दिवस होते, आणि सल्ला डॉक्टरांचा होता.

सूज उतरण्याचं म्हणाल, तर लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा कुठे कलला आहे हे ती मेंदूला कळवत असतात. पट्टा फाटला की ही खबरही उशिरा किंवा अर्धवट पोचते. सूज जाते, दुखणं जातं, पण नडगीच्या बाहेरचे स्नायू वेळेवर घोटा सावरत नाहीत, आणि महिन्याभरात सपाट रस्त्यावर तोच पाय पुन्हा मुरगळतो. ‘माझा घोटा मुळातच नाजूक’ असं सांगत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पहिल्या दुखापतीनंतर व्यायाम झालेलाच नसतो. एका पायावर तोल धरून उभं राहणं, मग तेच उशीवर, मग डोळे मिटून, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, शेवटी उड्या आणि दिशा बदलत धावणं, हा त्याचा क्रम. वेळ लागतो, कंटाळाही येतो.

ऑपरेशनचा दावा एसीएलपुरता, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटपुरता तपासू, कारण घोट्याचे पूर्ण फाटलेले पट्टेसुद्धा बहुतांशी आधी ऑपरेशनविनाच हाताळतात. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचे दोन गट केले: एकात लवकर ऑपरेशन, दुसऱ्यात आधी व्यायाम आणि लागलंच तर नंतर ऑपरेशन. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनी रुग्णांनीच दिलेल्या गुणांत दोन्ही गट सारखे होते. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला. निम्म्यांना लागलं आणि निम्म्यांना नाही, याला ‘गत्यंतर नाही’ म्हणत नाहीत. उलट बाजूही आहे. जुन्या दुखापतीत गुडघा सतत दगा देत असेल तर ऑपरेशन जास्त फायद्याचं, असं ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत दिसलं. चढाई करताना झटक्यात वळणारा कबड्डीपटू आणि ऑफिसात बसणारा माणूस यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

‘सहा महिन्यांत मैदानात’ हे सगळ्यात बेजबाबदार वाक्य. ऑपरेशनमध्ये तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तोवर पुरता मुरलेलाच नसतो. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलेल्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने घटत गेला. त्यामुळे कॅलेंडरइतकंच मांडीचं बळही मोजायचं, आणि ते चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरलं पाहिजे.

राहिला शेक. इथे मेसेजशी मी अर्धा सहमत आहे. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंड मशीन फिरवण्याचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. रोज येऊन वीस मिनिटं मशीनखाली पडायचं आणि फी देऊन घरी जायचं, एवढंच जिथे चालतं तिथे तुम्ही खरोखर शेकच विकत घेताय. साध्या मुरगळीला रोज यायचीही गरज नसते, एकदा नीट तपासणी, घरच्या व्यायामाचा आराखडा आणि मध्ये एखाददोन फेऱ्या पुरतात. पहिल्याच भेटीत विचारा: आज भार किती द्यायचा, पुढच्या टप्प्यावर कधी जायचं आणि ते कशावरून ठरवणार? उत्तरात फक्त मशीनचं नाव आलं, तर दुसरा फिजिओ शोधा.